दवाखाना सोमवार ते शुक्रवार, सुटी फक्त रविवारी

२०१० ते २०१४ या काळात अमेरिकेतल्या बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरात २३ कोरियन चर्चमध्ये एक प्रयोग झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नर्सिंग विभागातल्या संशोधकांनी तो आखला होता. २१ ते ६५ वयाच्या ५६० कोरियन स्त्रिया त्यात सामील झाल्या. गर्भाशयमुखाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाची जी तपासणी त्यांच्या वयात व्हायला हवी, ती एक तर झालेलीच नव्हती किंवा तिची वेळ टळून गेली होती. चिठ्ठ्या टाकून चर्चची दोन गटांत वाटणी केली. वाटणी बायकांची नाही, चर्चची. एका गटातल्या चर्चमध्ये बायकांना तपासणीची माहिती आणि मदत द्यायची, दुसऱ्यात नाही. कारण एकाच चर्चमधल्या निम्म्या बायकांना सांगायचं आणि निम्म्यांपासून लपवायचं, हे प्रार्थनेनंतरच्या जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटंही टिकलं नसतं.

सहा महिन्यांनी मोजदाद झाली. ज्या चर्चमध्ये हे काम झालं तिथल्या बायकांनी पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, करून घेण्याचं ‘शक्यता-गुणोत्तर’ (त्याचा नेमका अर्थ पुढे) दुसऱ्या गटाच्या तुलनेत १३.३ आलं. स्तनांच्या मॅमोग्राफीसाठी ते १८.५ होतं.

आरोग्यप्रसाराच्या कामात एवढे आकडे क्वचित दिसतात. बरं, त्यात औषध नवं नव्हतं की यंत्र नवं नव्हतं. पॅप तपासणी १९४० च्या दशकापासून वापरात आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मुळाशी असतात, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत जायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, हेही कधीच कळलं होतं. एवढी मोठी मुदत देणारे कर्करोग थोडेच. त्या मुदतीत बिघडलेल्या पेशी सापडल्या तर छोट्या उपचारात काढून टाकता येतात आणि कर्करोग होतच नाही. सगळं माहीत, सगळं उपलब्ध. मग या बायका इतकी वर्षं अडल्या कुठे होत्या?

या प्रश्नाचं एक तयार उत्तर असतं, ‘संस्कृती’. आशियाई बायका, लाजाळू, त्या विषयावर बोलत नाहीत वगैरे. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच, की ते उत्तर पूर्ण खोटं नसलं तरी ते सगळ्यांच्याच सोयीचं आहे.

दुकान, चर्च, घर

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातून येणाऱ्यांना दार उघडलं. त्यानंतर कोरियन कुटुंबं येऊ लागली आणि १९८० च्या दशकात वर्षाला तीस हजारांहून अधिक लोक येत होते. लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या वस्त्या प्रसिद्ध आहेत. मेरीलँडमधलं एलिकट सिटी आणि व्हर्जिनियातलं ॲनन्डेल ही त्यामानाने नंतरची गावं. एलिकट सिटीतून जाणाऱ्या रूट ४० या रस्त्याच्या एका भागाला २०१६ मध्ये ‘कोरियन वे’ असं नाव मिळालं, कारण दोन्ही बाजूंना कोरियन दुकानं आणि खानावळी.

आलेल्यांपैकी पुष्कळ जण तिकडे चांगले शिकलेले होते. पण इंग्रजी बेताची, पदव्यांना इकडे किंमत नाही, म्हणून दुकान. बाल्टिमोरच्या कोपऱ्याकोपऱ्यावरचं किराणा आणि दारूचं दुकान, ड्रायक्लीनिंग, नखं रंगवायचं सलून. नवरा-बायको दोघंही दिवसभर उभे. अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो, आणि स्वतःच्या दुकानात स्वतःला विमा देणारा मालक कुणी नसतो. त्यामुळे ओबामांचा आरोग्य कायदा पूर्ण लागू होईपर्यंत कोरियन स्थलांतरितांमध्ये विमा नसलेल्यांचं प्रमाण आशियाई समाजांमध्ये अगदी वरच्या रांगेत होतं. बाहेरून पाहणाऱ्याला दुकान दिसतं, गाडी दिसते, मुलगा चांगल्या विद्यापीठात गेलेला दिसतो. विमा नसलेला कुणाला दिसत नाही.

तिसरी जागा चर्च. प्यू संशोधन केंद्राच्या २०१२ च्या पाहणीत अमेरिकेतल्या कोरियन लोकांपैकी ६१ टक्के प्रोटेस्टंट आणि १० टक्के कॅथलिक निघाले. पण चर्च म्हणजे निव्वळ प्रार्थना नव्हे. घर भाड्याने कुठे मिळेल, मुलांची शाळा कोणती, कर भरायला माणूस कोण, सगळं तिथे कळतं. रविवारी प्रार्थना झाली की सूप, भात, किमची. पाद्रींच्या पत्नीला सगळे ‘सामोनिम’ म्हणतात आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला पाद्रींच्या आधी कळतं.

आता या लोकांची आकडेवारी. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीतल्या १९८८ ते १९९२ च्या नोंदी पाहिल्या तर दर लाख स्त्रियांमागे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण असे होते: गोऱ्या स्त्रियांमध्ये ८.७, जपानी वंशाच्या स्त्रियांमध्ये ५.८, कोरियन स्त्रियांमध्ये १५.२ आणि व्हिएतनामी स्त्रियांमध्ये ४३. यातल्या शेवटच्या तिन्ही समाजांना अमेरिकन सरकारी अर्जावर चौकट मात्र एकच, ‘आशियाई’. (आपले भारतीयही त्याच चौकटीत खूण करतात.) ५.८ आणि ४३ एकत्र कालवले की जी सरासरी निघते ती कुठल्याच घरात राहत नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाने आपली आरोग्य पाहणी कोरियन भाषेतही घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे या समाजाचं चित्र वेगळं दिसू लागलं.

लाज खरी, पण

लाज नव्हती असं कुणी म्हणणार नाही. या स्त्रियांशी बोलून केलेल्या अभ्यासांत त्याच त्याच गोष्टी पुन्हा येतात. डॉक्टर पुरुष असेल तर नको. लग्न न झालेली मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे बसलेली कुणी पाहिली तर? समाज लहान, कोरियन बोलणारे डॉक्टर मोजके, आणि त्या डॉक्टरची स्वागतिका कदाचित आपल्याच चर्चची. दुखत नाही, अंगावरून जात नाही, तर तपासायचं काय? मुलं झाली, पाळी गेली, आता तो विषय संपला. यातली प्रत्येक ओळ सांगलीत किंवा नाशिकमध्येही ऐकू येईल. दुखणं अंगावर काढायची सवय आपल्याकडच्या बायकांनाही कुणी शिकवावी लागत नाही.

पण मग एक अडचण येते. हीच लाज, हीच वाढवणूक दक्षिण कोरियातल्या बायकांचीही आहे. तिथे १९९९ मध्ये सरकारने गरीब कुटुंबांपासून सुरुवात करून कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला आणि टप्प्याटप्प्याने सगळ्यांपर्यंत नेला. तिशीनंतर दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी. २०१६ पासून ही वयाची अट विशीवर आणली. त्याच वर्षी बारा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लसही सरकारी लसीकरणात मिळू लागली. राष्ट्रीय आरोग्य विमा १९८९ पासून सगळ्यांना आहेच. वेळ झाली की विमा संस्थेकडून घरी सूचना येते, जवळच्या दवाखान्यात जायचं, काम झालं. निम्म्याहून अधिक बायका जातात. एके काळी कोरियन स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हा कर्करोग तिथे गेल्या पंचवीस वर्षांत सतत घटत आला आहे.

लाज विमानात बसून अमेरिकेत वाढत नाही. फरक दुसरीकडे होता. शिवाय या स्थलांतरितांपैकी मोठा गट १९९९ च्या आधीच देश सोडून आला होता. मायदेशात कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्या इकडे दुकानात होत्या, आणि इकडे त्यांना बोलावणारं कुणी नव्हतं. तिकडची शिस्त अंगवळणी पडली नाही, इकडची कळली नाही.

एका दिवसाचा हिशेब

समजा बाल्टिमोरमध्ये ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवणारी पन्नाशीची एक बाई आहे. ही बाई खरी नाही, पण तिचा हिशेब खरा आहे.

दुकान सकाळी सातला उघडतं, संध्याकाळी सातला बंद होतं, सोमवार ते शनिवार. दवाखाने सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. एक दिवस जायचं म्हणजे नवऱ्याने एकट्याने काउंटर, मशीन आणि इस्त्री तिन्ही सांभाळायचं. पण जायचं तरी कुठे? विमा नाही, म्हणजे ठरलेला डॉक्टर नाही. फोन करावा तर पलीकडे यंत्र: यासाठी १ दाबा, त्यासाठी २ दाबा. माणूस आला की पहिला प्रश्न विम्याचा. तपासणीला किती पैसे लागतील हे आधी कुणी सांगत नाही. डॉक्टरचं बिल वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं आणि दोन्ही महिन्याभराने पोस्टाने. मुलगी इंग्रजी फाडफाड बोलते, पण या तपासणीला दुभाषी म्हणून स्वतःच्या पोटच्या मुलीला उभं करायचं? इथे मात्र लाजेचा खरा प्रश्न येतो, आणि तो सुटत नाही म्हणून अख्खी गोष्ट पुढच्या वर्षावर जाते.

सरकारी मदत नव्हती असं नाही. १९९० च्या कायद्याने अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या, विमा नसलेल्या स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मोफत तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. २००० च्या दुसऱ्या कायद्याने त्यात कर्करोग सापडलेल्यांच्या उपचाराचीही वाट काढली. मेरीलँडमध्ये हा कार्यक्रम काउंटीच्या आरोग्य विभागामार्फत चालतो. पण त्याची माहिती, पात्रतेचे कागद, उत्पन्नाचा दाखला हे सगळं ज्या भाषेत आणि ज्या कचेरीत होतं, तिथे आमच्या ड्रायक्लीनिंगवाल्या बाईचं पाऊल कधी पडणार?

ज्यांना परवडतं त्या तिसरीच वाट धरतात. दोन-तीन वर्षांनी आईवडिलांना भेटायला सोलला जायचं आणि त्याच फेरीत पूर्ण आरोग्य तपासणी करून यायची. एका दिवसात सगळं, आपल्या भाषेत, अमेरिकेतल्या खर्चाच्या मानाने स्वस्तात. पुण्या-मुंबईत सुटीला येऊन दात आणि रक्त तपासून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त त्याची नोंद अमेरिकेतल्या कुठल्याच फायलीत नसते, आणि काही संशयास्पद निघालं तर पुढची तपासणी कुठे करायची हा पेच उभा राहतो.

चर्चमध्ये नेमकं काय केलं

प्रयोगाचं मूळ नियोजन ‘माहिती द्या, बायका येतील’ असं नव्हतं, आणि मला त्याचं मोल तिथेच वाटतं. कोरियन समाजातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं होतं. आपल्याकडची आशाताई डोळ्यांसमोर आणा. फक्त हिला सरकारने नेमलेलं नाही आणि तिचं गाव म्हणजे चर्च.

आधी प्रत्येक बाईला तिच्या वयाप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे बेतलेलं माहितीपत्रक. मग कार्यकर्तीने घेतलेली शिकवणी. मग दर महिन्याला फोन, सहा महिने.

शिकवणीतला विषय कर्करोग कमी आणि व्यवस्था जास्त असा होता. या गटाने आधी एक मोजपट्टीही तयार केली होती: वैद्यकीय शब्द वाचता येतात का, ते ओळखीचे आहेत का, आकडे समजतात का, वाचलेल्याचा अर्थ लागतो का, आणि दवाखान्याच्या चक्रव्यूहातून वाट काढता येते का. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. महाविद्यालयात शिकलेली, कोरियनमध्ये रोज वर्तमानपत्र वाचणारी बाई अमेरिकन दवाखान्यातला अर्ज समोर आला की निरक्षर होते. तिला ‘जनजागृती’ करून काय द्यायचं? तिला अर्जाच्या कुठल्या ओळीत काय लिहायचं हे हवं असतं.

फोनवरचं कामही त्याच धाटणीचं. मागच्या महिन्यात जायचं ठरलं होतं, गेलात का? नाही? काय अडलं? वेळ घ्यायची आहे का, दुभाषी हवा आहे का, मोफत कार्यक्रमात बसता का, महिला डॉक्टर हवी आहे का? एकेक गाठ सोडवायची. यात शास्त्र फारसं नाही, चिकाटी पुष्कळ आहे. आणि विचारणारी बाई रविवारी समोर येणार असते, त्यामुळे ‘हो हो, जाईन’ म्हणून फोन ठेवणं फार दिवस जमत नाही.

हा प्रयोग एकटा नव्हता. फिलाडेल्फियात टेम्पल विद्यापीठ आणि फॉक्स चेस कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी कोरियन चर्चमधूनच १०२ स्त्रियांवर असंच काम केलं होतं आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही नुसती माहिती नव्हती. वेळ ठरवून देणं, भाषेची मदत, जाण्यायेण्याची सोय हे सगळं होतं. मदत मिळालेल्या गटात ८३ टक्के बायकांनी तपासणी करून घेतली, दुसऱ्या गटात २२ टक्क्यांनी.

१३.३ म्हणजे किती

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे आकडे बातमीत गेले की ‘तेरा पट बायका आल्या’ असं छापून येतं. तसं नसतं.

फिलाडेल्फियाचे आकडे घ्या. ८३ भागिले २२ म्हणजे पावणेचार. तपासणी करून घेणाऱ्या बायका पावणेचार पट. पण शक्यता-गुणोत्तर वेगळं मोजतात: एका गटात करून घेणाऱ्या ८३ आणि न घेणाऱ्या १७, म्हणजे ४.९, दुसऱ्या गटात २२ आणि ७८, म्हणजे ०.२८. आता ४.९ ला ०.२८ ने भागा, सतरा येतात. बायका त्याच, निकाल तोच, एका हिशेबाने पावणेचार आणि दुसऱ्याने सतरा. बाल्टिमोर-वॉशिंग्टनचे १३.३ याच दुसऱ्या हिशेबाचे आहेत. त्याने यश छोटं होत नाही. पण ‘तेरा पट’ म्हणणाऱ्याला हटकायला हवं.

दुसरी खोच अशी, की प्रयोगात येणाऱ्या बायका चर्चला जाणाऱ्या होत्या, कोरियन किंवा इंग्रजी वाचू शकणाऱ्या होत्या आणि सामील व्हायला ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या. चर्चला न जाणारी, सलूनमध्ये रोजंदारीवर असलेली, कागदपत्रं नसलेली बाई या ५६० जणींमध्ये सापडणं अवघडच. आणि मुदत सहा महिन्यांची. पॅप तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. तीन वर्षांनी संशोधनाचा निधी संपलेला असतो, फोन करणारी ताई दुसऱ्या कामाला लागलेली असते.

त्यानंतर

प्रयोग चालू असतानाच कायदा बदलत होता. २०१० च्या, म्हणजे ओबामांच्या त्याच आरोग्य कायद्याने नव्या विमा योजनांमध्ये ही तपासणी विनामूल्य झाली. २०१४ मध्ये मेरीलँडने गरिबांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेड, विस्तारला. पोटोमॅक नदीच्या पलीकडे व्हर्जिनियाने तेच करायला २०१९ उजाडू दिलं. म्हणजे एकाच चर्चला येणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एलिकट सिटीच्या बाजूला राहणारीला विमा आणि ॲनन्डेलवालीला पाच वर्षं थांबा. ग्रीन कार्ड नवं असेल तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे मेडिकेडसाठी बहुधा पाच वर्षांची वाट वेगळीच. कागदपत्रं नसतील तर तो रस्ताच बंद. पैशाची अडचण कमी झाली. फोन, भाषा आणि सोमवार ते शुक्रवारचं वेळापत्रक जिथल्या तिथे राहिलं.

तपासणीही बदलली. २०१८ च्या अमेरिकन शिफारशींनुसार तिशीनंतर पॅपऐवजी पाच वर्षांतून एकदा एचपीव्ही चाचणी चालते. या चाचणीवरचा विश्वास ज्या अभ्यासांनी वाढवला त्यातला एक मोठा अभ्यास आपल्या मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रिया, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने झालेलं काम, २००९ मध्ये प्रसिद्ध. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ती जगाला दिशा देणारी माहिती ज्या देशातून गेली, त्याच देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या १०० पैकी जेमतेम दोन बायकांनी आयुष्यात कधी ही तपासणी केलेली होती. बाल्टिमोरच्या बायकांना लाजाळू म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

एचपीव्ही चाचणीचा मोठा फायदा असा, की नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. डॉक्टरसमोर पाय फाकवून झोपायचं, धातूचं उपकरण, सगळं टळतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२४ मध्ये दवाखान्यात बसून स्वतः नमुना घ्यायला मान्यता दिली आणि मे २०२५ मध्ये घरी बसून घेण्याच्या एका संचालाही. लाजेचा प्रश्न यात खरोखरच बराचसा सुटतो, आणि म्हणूनच पुढची काही वर्षं पाहण्यासारखी असतील: लाज वजा केल्यावर किती बायका येतात आणि किती अजूनही येत नाहीत. संच मागवायचा ऑनलाइन, आधी दूरसंचारावरून डॉक्टरशी बोलणं, अहवाल ऑनलाइन. विषाणू सापडला तर पुढच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुन्हा तोच फोन, तेच १ दाबा, २ दाबा.

आणि एक गट या सगळ्यातून निसटतो. मुलांनी नंतर बोलावून घेतलेल्या, नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्या. ६५ नंतर तपासणी थांबवा असं शिफारस म्हणते, पण त्याला अट आहे: आधीच्या तपासण्या पुरेशा आणि ठीक झालेल्या असतील तरच. जिची आयुष्यात एकही झालेली नाही तिला ही सूट नाही, उलट तिचा धोका जास्त. घाईतल्या डॉक्टरला वय दिसतं, अट आठवत नाही. चर्चमधल्या प्रयोगाची वयोमर्यादा ६५ होती. घरी नमुना घेण्याच्या संचाला मिळालेली मान्यता २५ ते ६५ या वयासाठी आहे.